क्रोशाच्या विणकामात एआयला कुठे थांबवायचं

मी क्रोशाची खेळणी विणते. नमुना, म्हणजे फेरीफेरीने कसं विणायचं याची लेखी कृती, आता एआयकडून घेत नाही. तुम्ही घेतलाच, तर सुईआधी कागद-पेन्सिल हातात घ्या.

प्रत्येक फेरीचे टाके मोजा. डोक्यासारख्या चेंडूच्या आकाराची सुरुवात सहसा 6 मुक्या खांबांनी (हा क्रोशाचा साधा, बुटका टाका) होते आणि दर फेरीला 6 वाढतात: 12, 18, 24. एआयकडून मला एकदा मिळालेल्या सशाच्या नमुन्यात 18 नंतर 22 आणि मग एकदम 30 होते. डोकं एका बाजूला फुगलं, दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या.

एआयने बनवलेल्या खेळण्याच्या चित्राला तर मुळीच भुलू नका. ते मोठं करून धाग्याचा माग काढा. बरेचदा तो मध्येच विरून जातो. असं काही विणताच येत नाही.

एआयला मी फक्त खुणांचा अर्थ विचारते. अमेरिकी नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’, आपला मुका खांब. पण विकत घेतलेला अख्खा नमुना तिथे चिकटवू नका. कुणीतरी तो विणून, उसवून, पुन्हा विणून लिहिलेला असतो.

सशाचे कान शेवटी मीच ठरवले: 14 फेऱ्या, टोकाला किंचित वाकलेले. मला ते फार आवडतात.