सेकंडहँड अ‍ॅम्प्लिफायर घेताय? आधी तो तापू द्या, आणि या चुका टाळा

आखाजी झाली, लग्नाच्या तिथी विरळ झाल्या की जळगाव-धुळ्याकडचे साउंडवाले जुना माल काढायला लागतात. पुढच्या हंगामाला नवं मशीन हवं असतं आणि जुन्यात पैसे अडकलेले असतात. घरी दोन बरे स्पीकर लावून निवांत गाणी ऐकायची हौस असलेल्याला हे दिवस फार मोहाचे. मीही त्या मोहात पडलो. चोपडा तालुक्यातल्या एका मांडववाल्याकडून दोन चॅनलचं पॉवर मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच, साडेतीन हजाराला उचललं. "बठ्ठं चालू शे भो," म्हणजे सगळं चालू आहे भाऊ, म्हणत त्याने ते पाच मिनिटं दणक्यात वाजवून दाखवलं.

घरी संध्याकाळी लावलं आणि विसाव्या मिनिटाला डावा चॅनल गेला. दहा मिनिटं बंद ठेवलं की परत यायचा, थोड्या वेळाने परत जायचा. उघडून पाहिलं तर पंख्यामागे कापसाचे तंतू आणि मांडवातली धूळ यांचा असा नमदा जमला होता की हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटी दिसत नव्हत्या. डाव्या बाजूचे ट्रान्झिस्टर कधीतरी बदललेले, तेही हीटसिंकला उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट न लावता. मांडववाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या मोकळ्या हवेत त्याच्याकडे ते खरंच चालत असणार. मे महिन्यातल्या बंद खोलीत ते चालेना, एवढंच.

म्हणून पहिली चूक सांगतो ती हीच: थंड मशीन ऐकून पैसे देणं. आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा हवेत अ‍ॅम्प्लिफायरची खरी परीक्षा पाऊण तासानंतर सुरू होते. चहा घ्या, पिकाच्या गप्पा मारा, पण मशीन मध्यम आवाजात चालू राहू द्या. मग दोन्ही हीटसिंकना हात लावून बघा. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एक गार आणि एक चटका देणारा असेल तर त्या बाजूचं बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणाऱ्या करंटचं सेटिंग, बिघडलेलं आहे किंवा ट्रान्झिस्टर बदललेला आहे. विकणारा घाई करायला लागला तर तीही एक माहितीच समजा.

वॅटच्या मागे धावणं

आपल्याकडे मशीनचा पहिला प्रश्न "कितला वॅट शे?" हाच. घरासाठी हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा साधा घरगुती स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो. आपलं रोजचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत बहुतेक वेळ मशीन एक-दोन वॅटच देत असतं, बाकीचे तबल्याच्या थापेसाठी राखीव. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. ५० वॅटऐवजी १०० वॅटचं मशीन घेतलं तर फरक कानाला जेमतेम कळतो, खिशाला चांगलाच कळतो. चॅनलला ३० ते ५० वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे खरे वॅट, पुष्कळ झाले. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा तर वाचूच नका.

आकडा खोटा आहे का, हे तपासायला दोन गोष्टी पुरतात. मागच्या फ्यूजवर २ अँपिअर लिहिलं असेल तर २३० गुणिले २, म्हणजे ४६० वॅटच्या आसपासच ते मशीन सतत ओढू शकतं, आणि क्लास एबीचं (जुन्या मशीनमध्ये सर्रास दिसणाऱ्या रचनेचं) मशीन त्यातला बराच भाग उष्णतेत घालवतं. त्यावर '१०००+१०००' छापलं असेल तर हसून पुढे जा. दुसरं, झाकण उघडायला मिळालं तर मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरचे, म्हणजे सप्लाय गुळगुळीत करणाऱ्या डबीसारख्या भागांवरचे, व्होल्ट वाचा. प्रत्येक कपॅसिटर ३५ व्होल्टचा असेल तर ८ ओहमच्या स्पीकरवर ३५ गुणिले ३५ भागिले १६, म्हणजे फार तर ७६ वॅट. ब्रिज केलेलं (दोन्ही चॅनल मिळून एकच स्पीकर चालवणारं) नसलेलं मशीन याच्या वर जाऊच शकत नाही.

कपॅसिटरकडे बघताय तर आणखी थोडं थांबा. वरचं टोपण फुगलं आहे का? बुडाशी चिकट तपकिरी डाग आहे का? अंगावर ८५ अंश लिहिलंय की १०५? १०५ वाला उष्णता जास्त सोसतो. कपॅसिटर दर १० अंशांनी गार राहिला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आपल्या भागात हे उलट्या दिशेने लागू होतं. खान्देशातल्या पत्र्याच्या गोदामात दहा उन्हाळे काढलेलं मशीन आणि पुण्यातल्या बैठकीच्या खोलीतलं त्याच वयाचं मशीन, या दोघांची तब्येत एक नसते.

भोंग्याचं मशीन घरात आणणं

शाळा, मंदिर, ग्रामपंचायत यांच्याकडचं जुनं पीए (लाउडस्पीकरचं) मशीन स्वस्तात मिळतं. आपल्याकडे ते बहुतेक आहुजाचंच असतं. भाषणाला, भजनाला मजबूत चीज, पण स्टिरिओसाठी त्याचा उपयोग नाही, कारण अशी मशीन बहुधा मोनो, म्हणजे एकाच चॅनलची, असतात. शिवाय मागे कॉम (सामाईक टर्मिनल), ४, ८, १६ ओहम यांच्यासोबत ७० आणि १०० व्होल्टचे टर्मिनल असतात. ते लांब वायरीवरच्या, ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या भोंग्यांसाठी. एका ओळखीच्याने घरचा ८ ओहमचा स्पीकर हौसेने १०० व्होल्टवर जोडला. स्पीकरची कॉइल जळाल्याचा वास दोन दिवस गेला नाही.

डीजेच्या पॉवर मशीनचा त्रास वेगळा. पंखा सतत घरघरतो. मांडवात तो ऐकू येत नाही, रात्री दहाला हळू आवाजात जुनी गाणी लावली की गाण्याआधी पंखाच ऐकू येतो. मागे ब्रिजचं बटण असतं आणि ते बरेचदा तसंच दाबलेलं राहतं. ब्रिजमध्ये स्पीकरचा किमान ओहम दुप्पट लागतो, म्हणून ते स्टिरिओवर आणून मगच वायर जोडा. मोबाईल जोडला तर आवाज बारीकच येईल. या मशीनना मिक्सरचा दमदार सिग्नल लागतो, त्यात दोष मशीनचा नाही.

व्होल्टेज न बघता पिन लावणं

मुंबईच्या चोरबाजारातून किंवा परदेशातून परतलेल्या नातेवाइकाकडून आलेलं जपानी मशीन दिसायला देखणं असतं. त्याची मागची पट्टी आधी वाचा. जपानात वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची. आपल्या २३० वर ते लावलं की नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेजचा सिलेक्टर असेल तर तो किती व्होल्टवर लावलेला आहे ते बघा. नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत व वजन धरल्यावर तो सौदा बहुधा स्वस्त उरत नाही.

थैलीत काय न्यायचं

सिरीज बोर्ड, मल्टिमीटर आणि गेला तरी चालेल असा एक जुना स्पीकर. सिरीज बोर्ड कुठलाही वायरमन बनवून देतो: १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही, सप्लायच्या फेज वायरीत मध्ये टाकायचा. स्पीकर न जोडता मशीन त्यावर चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर बरं, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. तिथेच राम राम करा.

मग बोर्ड काढून मशीन थेट लाइनवर लावा. इनपुट काढा, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर टेकवा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर गेलं तर घेऊ नका, कारण तो डीसी तुमच्या स्पीकरच्या कॉइलमध्ये जाणार. झाकण उघडं असताना आत बोट घालू नका. पिन काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो.

आतले पॉवर ट्रान्झिस्टर बदललेले दिसले तर ते अस्सल आहेत का हे नक्की विचारा. मेकॅनिक लोकांची आवडती ट्रान्झिस्टरची जोडी म्हणजे ५२००-१९४३. बाजारात त्यांच्या नकला भरपूर आहेत आणि नकली जोडी हळू आवाजात महिनोन्महिने टिकते, लग्नाच्या आवाजात एका रात्रीत जाते. माझ्या मशीनसाठी मी खात्रीच्या दुकानातून मागवून चारही एकदम बदलले, नवी पेस्ट लावली, पंखा धुतला. आठशे रुपये गेले, पण मशीन आजही चालतं.

घरी आल्यावर कुरकुर सुरू झाली तर

सगळी इनपुट वायर काढूनही हूं आवाज येत असेल तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. फक्त टीव्ही किंवा लॅपटॉप जोडल्यावर येत असेल तर तो अर्थिंगचा लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थिंग जोडलं जाऊन येणारा आवाज. यावर तीन पिनांतली वरची पिन कापायचा सल्ला कोणीतरी देतोच. ऐकू नका, ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मशीनच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकून बघा, आणि तरीही झिणझिण्या राहिल्या तर मशीन बंद करून वायरमनला बोलवा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो तो इन्व्हर्टरच्या स्क्वेअर वेव्हमुळे, म्हणजे विजेच्या चौकोनी लाटेमुळे. मशीन बिघडलेलं नसतं, पण तसं तासन्तास चालवूही नका. एक चॅनल हळू आवाजात गायब होतो आणि आवाज वाढवला की येतो? आतल्या रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) संपर्क काळे पडलेत. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण पंधरा-वीस वेळा फिरवा. एकच बाजू बंद असेल तर मशीन बंद करून इनपुटच्या वायरी डावी-उजवी अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर मशीन निर्दोष आहे, वायर किंवा मोबाईल तपासा.

आणि मशीनवर कव्हर, क्रोशाचा रुमाल, देवाचा फोटो काही ठेवू नका. वर चार बोटं मोकळी हवी. मागच्या-खालच्या मोठ्या भोकांना मात्र बारीक जाळी लावा, हवा जाईल अशी. पावसाळ्यात पाली उबेला आत शिरतात, आणि दोन टर्मिनलना एकदम टेकलेली पाल स्वतःसोबत फ्यूजही घेऊन जाते.