कात्री हातात घेण्याआधी: सोलापुरात कुत्र्यांचं ग्रूमिंग शिकणाऱ्यांसाठी

माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलं-मुली पहिल्याच दिवशी विचारतात, 'ताई, शिह त्झूचा कट कधी शिकवणार?' मी त्यांना आधी कोरडा कुत्रा हाताने चाचपायला लावते. कानामागून सुरुवात, मग काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालचा भाग. गाठ, खपली, ओला चट्टा, हात लागताच कुत्रा अंग चोरतो ती जागा, हे सगळं अंघोळीआधी सापडलं पाहिजे. घरचे रोज कुरवाळतात, पण डोकं आणि पाठ. काखेत आणि बोटांत शिरतात ते बहुतेक वेळा फक्त आपलेच हात. या धंद्याची किंमत मला तिथेच वाटते.

सगळ्यात जास्त सापडतात गोचीड. आपल्याकडच्या कोरड्या उष्ण हवेत तपकिरी गोचीड छान तग धरते, आणि आयुष्याचा मोठा भाग ती कुत्र्यावर नाही, भिंतीच्या फटीत आणि अंथरुणाच्या घडीत काढते. म्हणून एका अंघोळीत गोचीड संपवून देतो, असं कुणालाही सांगू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. गोचिडीसोबत ताप, खाणं सुटणं, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं, तर ग्रूमिंग थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा आजार रक्त तपासल्यावर कळतो आणि वेळेत औषध मिळालं तर बरा होतो.

एप्रिल लागला की दुसरी मागणी सुरू होते. 'लई ऊन आहे, टक्कलच करा की ओ ताई.' पॉमेरेनियन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांच्या बाबतीत ठामपणे नाही म्हणायला शिका. यांना दोन थर असतात, वर राठ केस आणि आत मऊ लोकर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो. वरचा थर काढला तर ऊन थेट कातडीवर येतं, आणि पॉमेरेनियनचे केस तर कित्येक महिने नीट परतत नाहीत. त्याऐवजी आतली सुटलेली लोकर रेकने, म्हणजे लांब दातांच्या कंगव्याने काढा, म्हणजे कातडीला वारा लागतो. निघालेला ढीग मालकाला दाखवला की वाद तिथेच मिटतो. शिह त्झू, ल्हासा यांचे केस वाढतच राहतात. ते उन्हाळ्यात आखूड करायला हरकत नाही, फक्त कातडी उघडी पडेल इतके नाही.

गुंता अंघोळीआधीच सोडवायचा, कारण ओला झाला की तो आणखी घट्ट बसतो. त्याच्याखाली कात्री घालू नका. कातडी गुंत्यात ओढली गेलेली असते आणि कापते. सुटत नसेल तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने काढा, आणि ब्लेड तापलंय का ते दर थोड्या वेळाने मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

पाण्याचं गणित आपल्या गावात वेगळंच. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून अनेकांची भिस्त बोअरवर. जड पाण्यात फेस कमी येतो, मग शिकणारा शाम्पू वाढवत जातो आणि तो अंगावर राहून खाज सुटते. शाम्पू मगात पातळ करून घ्या, आणि धुण्यापेक्षा खळबळण्यासाठी जास्त पाणी राखून ठेवा. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीचा पीएच वेगळा असतो. पुसायला टॉवेलचा तोटा नाही, टेरी टॉवेल तर आपल्याच गावचा. जितकं टॉवेलने टिपाल तितका ड्रायर कमी लागतो. पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवा अजिबात नको. मे महिन्यात त्यांना सकाळीच बोलवा.

नखं काळी असतील तर एकदम कापू नका. पातळ चकत्या काढत जा. मध्ये काळसर ठिपका दिसला की थांबा, त्यामागे रक्तवाहिनी असते. रक्त थांबवायची पावडर हाताशी असू द्या. नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

कुत्रा ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, मग एकदम स्तब्ध होतो. तिथे हात काढा. गुरगुरल्याबद्दल त्याला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावेल. काम सुरू करण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांना विचारून घ्या. तरीही दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठा.

घाबरलेल्या कुत्र्याचं काम दोन वेळांत विभागा. आज नखं आणि ब्रश, पुढच्या आठवड्यात अंघोळ. अशा अर्ध्या कामाचे पैसे किती, हे मालकाला पट्टा हातात घेण्याआधी सांगा. म्हणजे तेवढ्यासाठी कुत्र्याला दाबून धरायची वेळ तुमच्यावर येणार नाही.