जुनी सिंगर शिलाईची हातमशीन घेताय? भाव करताना या चुका टाळा

"शंभर वर्षं जुनी आहे ताई, अँटिक पीस आहे" असं विकणारा म्हणाला की आपण लगेच पाघळतो, आणि पहिली चूक तिथेच होते. जुनी आहे म्हणून दुर्मिळ आहे असं काही नसतं, सिंगरने या मशिनी लाखांनी काढल्यात, स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा एकच कारखाना १९८० मध्ये बंद पडेपर्यंत अख्ख्या जगाला मशिनी पुरवत होता. मशीनच्या लोखंडी भागावरचा सिरियल नंबर बघा, Y ने सुरू होत असेल तर ती साधारण १९२० ते ३५ मधली क्लाइडबँकची. बॉबिनवरच्या सरकत्या पत्र्यावर कोरलेली तारीख मात्र पेटंटची असते, ती मशीनचं वय म्हणून कुणी सांगितली तर हसून सोडून द्या.

दुसरं म्हणजे अमेरिकेतले भाव बघून इथला भाव ठरवू नका. तिकडे शेकडो डॉलरला जाते ती सिंगरचीच फेदरवेट २२१ नावाची मशीन, १९३३ मध्ये आलेली, ॲल्युमिनियमची, जेमतेम पाच किलोची, गोधडीवाल्या बायका तिच्यामागे वेड्या असतात. आपल्याकडची लाकडी पेटीतली हातमशीन ओतीव लोखंडाची, दहा किलोच्या वर, पोर्टेबल नावापुरती!

आणि ते लाल पाऱ्याचं खूळ. २००९ मध्ये सौदीत अफवा उठली की जुन्या सिंगरच्या सुईत लाल पारा नावाचं मौल्यवान द्रव्य असतं, मोबाइल जवळ नेला आणि कॉल कट झाला की खरी मशीन, आणि लोकांनी अक्षरशः लाखभर रियालच्या गोष्टी केल्या. पारा वगैरे काही नसतो. असलं सांगणाऱ्याचा फोन आला तर ठेवून द्या.

मग द्यायचे किती? शिवायलाच हवी असेल तर आधी दुकानात नवीन काळी हातमशीन कितीला आहे ते विचारा, समजा सहा हजार म्हणाला तर जुनी मशीन अधिक रिपेअरिंग मिळून साडेतीनच्या वर मी तरी जाणार नाही. शोभेला हवी असेल तर हौसेला मोल नाही, पण मग सोनेरी नक्षी मूळची हवी. चकचकीत नवा रंग आणि कडक नवे स्टिकर दिसले की समजा आतलं काहीतरी झाकलंय.

सगळ्यात महागात पडते ती न तपासलेली बॉबिनची बाजू. पत्रा सरकवून आत बघाच. गोल बॉबिन आणि काढता येणारी केस असेल तर चिंता नाही, ते पार्ट कुठल्याही गल्लीत मिळतात. लांब काडीसारखी बॉबिन आणि होडीच्या आकाराचं शटल असेल, म्हणजे २८ नंबरसारखं जुनं मॉडेल, तर शटल जागेवर आहे ना ते हातात घेऊन बघा, ते हरवलेलं असेल तर भाव निम्म्यावर आणा नाहीतर सोडा. उलट हँडल तुटलंय म्हणून घाबरू नका, नवं हँडल स्वस्तात बसतं. सुई तर आपली नेहमीचीच लागते.

चाक फिरत नाही म्हणून परत फिरू नका. बऱ्याचदा कुणीतरी खोबरेल तेल घातलेलं असतं आणि ते आत डिंकासारखं चिकटून बसतं. तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, हळूहळू फिरवा, मग मशीनचंच तेल घाला. जोर लावून हँडल मोडू नका, आणि नक्षीवर स्पिरिट किंवा थिनर अजिबात नको, सोनं फडक्यावर उतरतं. जाम मशीन म्हणजे खरं तर घासाघीस करायची संधी!

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, तिची चपटी बाजू कुठे आहे बघा, मग दोऱ्याच्या टेन्शनला (ताणाला) हात लावा. मिस्त्रीकडे पळायची वेळ त्यानंतरची. स्वतःचा दोरा आणि दुहेरी कापड घेऊन जा, विकणाऱ्याने दाखवलेल्या टाक्यावर जाऊ नका.

पार्सलने मागवणार असाल तर हेड, म्हणजे वरची लोखंडी मशीन, लाकडी बेसवरून काढून वेगळं पॅक करायला लावा. ओतीव लोखंड आपटलं की वाकत नाही, सरळ तुटतं, आणि मग वेल्डिंगवालाही नको म्हणतो.