पाइनवुड डर्बीची गाडी वेगळ्या घडणीच्या ट्रॅकवर उतरवताना

पाइनवुड डर्बी म्हणजे मुलांनी लाकडाच्या ठोकळ्यातून घडवलेल्या छोट्या गाड्यांची उतारावरची शर्यत. तिच्यासाठी लातूरला आम्ही मुलांसाठी सुताराकडून करून घेतलेला ट्रॅक अगदी साधा आहे. एक लांब फळी एका टोकाला उंच टेकवायची आणि गाडी बाहेर जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही कडांना पट्ट्या ठोकायच्या, एवढेच. छत्रपती संभाजीनगरला ज्या ट्रॅकवर गाड्या न्यायच्या होत्या तो मात्र ॲल्युमिनियमचा होता. त्याला सुरुवातीला तीव्र उतार, मग वक्र भाग आणि पुढे लांब सपाट मार्ग होता, आणि कडेच्या पट्ट्यांऐवजी मार्गिकेच्या मधोमध एकच उंच पट्टी होती. १९५३ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी यांनी कब स्काउट, म्हणजे स्काउट संघटनेतील लहान, मुलांसाठी ही शर्यत सुरू केली, तेव्हापासून या गाडीला स्वतःचे बळ नाही. ती केवळ उंचीवरून मिळालेल्या ऊर्जेवर धावते. म्हणून ट्रॅकचा आकार बदलला की गाडीतही बदल करावा लागतो, आणि तो कानस हातात घेण्याआधी मोजपट्टी हातात घेऊन ठरवावा.

प्रथम गाडीचे पोट आणि चाकांमधील अंतर तपासावे. मधल्या पट्टीची रुंदी साधारणपणे ४१ मिलिमीटर आणि उंची ६ मिलिमीटर असते, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये किमान ४४.५ मिलिमीटर आणि गाडीच्या पोटाखाली ९.५ मिलिमीटर मोकळी जागा लागते. कडेच्या पट्ट्यांच्या ट्रॅकसाठी बनवलेल्या गाडीत वजने बहुधा पोटालाच चिकटवलेली असतात, कारण तिथे खाली काही अडत नाही. नव्या ट्रॅकवर तीच वजने पट्टीवर घासतात. ती काढून लाकडात खोबणी करून आत बसवावीत आणि वरून पॉलिश पेपर मारून पोट सपाट करावे.

नाकाकडे दुर्लक्ष करणे आम्हाला महागात पडले. आमच्या फळीवर सुरुवातीच्या रेषेला गाड्या एका आडव्या पट्टीने अडवतो, तिला नाक कसेही चालते. पण बहुतेक तयार ट्रॅकवर प्रत्येक मार्गिकेच्या मधोमध एक खुंटी उभी असते आणि ती खाली पडली की गाडी सुटते. आमच्या एका गाडीचे नाक इतके उचललेले होते की ती खुंटीवरच चढून बसली. नाकाचा मधला भाग सपाट, भरीव आणि पुरेसा खाली असावा.

खरा विचार करायचा तो वजनाचा. फळीचा उतार शेवटपर्यंत एकसारखा असेल तर गाडीतील वजन पुढे असो वा मागे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते सारख्याच उंचीने खाली येते, म्हणून तिथे वजन मध्यावर ठेवून गाडी स्थिर राखणे शहाणपणाचे असते. उतार संपून सपाट भाग येत असेल तर हिशेब वेगळा होतो. सुरुवातीला गाडी तिरपी उभी असते, तिचे शेपूट नाकापेक्षा उंच असते, आणि सपाट भागावर दोन्ही एका पातळीत येतात. म्हणजे मागे ठेवलेले वजन जास्त उंचीवरून खाली येते. उतार ३० अंशांचा असून गुरुत्वमध्य, म्हणजे गाडी ज्या बिंदूवर तोलली जाते तो, ३० मिलिमीटर मागे नेला तर तो १५ मिलिमीटर उंच जातो. एकूण उतरण १.२ मीटर धरली तर ऊर्जा एक टक्क्याहून थोडी अधिक आणि वेग अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक वाढतो, आणि ७ मीटरच्या सपाट भागात त्यातून सुमारे ४ सेंटिमीटरची आघाडी मिळते. शर्यती याहून कमी अंतराने जिंकल्या जातात.

किती वजन हलवायचे हेही सोप्या गुणाकाराने कळते. १४१.७ ग्रॅमच्या (ही शर्यतीतील कमाल वजनमर्यादा) गाडीचा गुरुत्वमध्य ३० मिलिमीटर मागे न्यायचा तर सुमारे ५० ग्रॅम वजन ८५ मिलिमीटर मागे सरकवावे लागते. लोखंडी नटांपेक्षा शिसे कमी जागेत बसते, पण ते मुलांना कापू किंवा घासू देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत. त्यानंतर गाडी उभ्या धरलेल्या मोजपट्टीच्या धारेवर तोलून पाहावी. गुळगुळीत ट्रॅकसाठी ती मागच्या आसापुढे २० ते २५ मिलिमीटरवर तोलली जावी. सांधे असलेल्या लाकडी ट्रॅकसाठी ३० मिलिमीटर ठेवणे सुरक्षित. याहून मागे जाण्याचा मोह टाळावा. धुरजड, म्हणजे पुढे जड, बैलगाडी बैलाच्या मानेवर येते आणि उलाळ, म्हणजे मागे जड, गाडीचे जू वर उचलले जाते, हे आपल्याकडे शेतावर वाढलेल्या मुलाला सांगावे लागत नाही; इथेही वजन फार मागे गेले तर पुढची चाके हलकी होतात आणि वक्र भागावर गाडी डगमगते.

आता चाके. कडेच्या पट्ट्यांवर गाडी अगदी सरळ जाणे उत्तम, परंतु मधल्या पट्टीवर तिने दोन्ही बाजूंना आदळत जाण्यापेक्षा एकाच बाजूने हलकेच टेकून जावे. त्यासाठी पुढचे एक चाक किंचित उचलून ठेवतात आणि पुढच्याच दुसऱ्या चाकाचा आस असलेला खिळा जरासा वाकवून बसवतात. टेकणारे चाक डावे असेल तर गाडी उजवीकडे ओढली गेली पाहिजे, म्हणजे त्याची आतली बाजू पट्टीला लागून राहते. सपाट फळीवर १.२ मीटर अंतरात सुमारे १० सेंटिमीटर ओढ पुरेशी आहे, खडबडीत ट्रॅकवर ती निम्मी ठेवावी. घासण्याची जागाही बदललेली असते, म्हणून चाकाची आतली कड पुन्हा पॉलिश करून तिथे ग्रॅफाइटची पूड द्यावी. तेल देऊ नये. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ त्यावर लगेच बसते.

शेवटचे वजन मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशीच, शक्य असल्यास सराफाच्या काट्यावर करावे. मे महिन्यात कोरड्या हवेत नेमकी १४१.७ ग्रॅम भरलेली गाडी जुलैत लाकडाने दमटपणा ओढल्यामुळे मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणून एखादा ग्रॅम सहज काढता येईल असा छोटा स्क्रू पोटाच्या मागच्या भागात आधीच बसवून ठेवावा.