ट्रकचे पाटे बदलायचेत? कुठले घ्यायचे, कसे बसवायचे

पाटे म्हणजे चेसिस आणि एक्सलच्या मधे बसणाऱ्या, एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. ऊस हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर सांगलीकडं पाटेवाल्यांकडं गाड्यांची गर्दी होते आणि बऱ्याच मालकांचं म्हणणं एकच असतं, एक पाटा वाढवून द्या. माझं म्हणणं असं की वाढवायचं नंतर बघू, आधी जुना का तुटला ते बघा, कारण ते सोडून नवा टाकला तर तो पण तिथंच तुटणार आणि तुमचे पैसे जाणार ते जाणार, हंगामातली खेप पण बुडणार.

तुटलेली जागाच बरंच काही सांगते. सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधे एकत्र धरणारा बोल्ट) भोकातून तुटला असेल तर बहुतेक वेळा यू बोल्ट (पाट्यांचा सेट एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) ढिले असतात. यू बोल्ट टाइट असले की पाट्याचा मधला भाग वाकत नाही, ढिले झाले की सगळा वाक त्या भोकावर येतो आणि तिथं आधीच लोखंड कमी. मेन पाटा (सगळ्यात लांब) टोकाला, म्हणजे बुश (पिनभोवतीची झिजणारी नळी) बसतो त्या गोलाकडं तुटला तर शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) जाम आहे का, पिनला ग्रीस पोचतंय का, बुश संपलाय का ते तपासा. आणि मधेच कुठंतरी दोन-तीन पाटे एकदम गेले असतील तर माल जास्त भरला जातोय, दुसरं काही नाही. तुटलेला काप पण नीट बघा, त्यातला काही भाग गंजलेला आणि बाकीचा ताजा दिसला तर तडा बऱ्याच आधी गेला होता, कोणी बघितलं नाही एवढंच.

आता तो वाढीव पाटा. लोडखाली गाडी खाली दबत नाही म्हणून बरं वाटतं पण सगळा दणका चेसिस, हँगरचे (पाटा चेसिसला धरणारे कंस) रिवेट आणि एक्सलवर जातो. शिवाय ज्या गाड्यांना मागच्या एक्सलला लोडप्रमाणे ब्रेकचं प्रेशर कमीजास्त करणारा वॉल्व असतो, तिथं पाटे कडक झाले की गाडी दबतच नाही, वॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात भरल्या गाडीला हे किती महागात पडेल विचार करा. २०१८ साली सरकारनं चार टायरच्या सिंगल एक्सलची मर्यादा १०.२ टनावरून ११.५ टन केली, पण म्हणून जुन्या गाडीचे पाटे आपोआप मजबूत होत नाहीत, आरसी बुकवर तुमच्या गाडीचं जे वजन आहे त्याच हिशोबानं पाटे घ्यायचे.

घेताना नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलला व्हीलबेस आणि बॉडीप्रमाणे, टिपरला वेगळे, वेगवेगळे पाटे येतात. पार्ट नंबर मिळाला तर उत्तम, नाही तर रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, एकूण पाटे, बुशचं माप आणि सेंटर बोल्टपासून पुढचं टोक व मागचं टोक ही दोन्ही अंतरं वेगवेगळी मोजा. ती दोन्ही सारखी असतीलच असं नाही, आणि उलटा बसला तर एक्सल पुढंमागं सरकतो. पॅराबोलिक असेल (कमी पाटे, मधे जाड टोकाला पातळ) तर पॅराबोलिकच टाका, त्यात साधा पाटा घुसवू नका. आणि शक्यतो दोन्ही बाजू एकदम बदला, एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला दमलेला ठेवला तर गाडी एकीकडं झुकते.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवणं हे मात्र अजिबात नको. पाट्याचं लोखंड तापवून, तेलात विझवून, परत तापवून तयार केलेलं असतं, वेल्डिंगची उष्णता लागली की तेवढी जागा ठिसूळ होते. गॅसनं तापवून गोलाई देणं पण तसलंच काम.

बसवायचं काम सपाट, पक्क्या जमिनीवर करा. चाकांना पुढून मागून गुटके लावा, जॅकनं चेसिस उचला आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी खाली जायचं नाही, कितीही घाई असू दे. एक्सलला पण खालून आधार द्या. मागचा पूर्ण सेट शंभर किलोच्या आसपास किंवा जास्त भरतो त्यामुळं चेन ब्लॉक (साखळीनं वजन उचलायचं साधन) लावा. सेट खोलायचा असेल तर आधी मोठ्या क्लॅम्पमधे आवळून मगच सेंटर बोल्ट काढा, पाटे दाबात असतात, एकदम उघडले तर हात जातो. नव्या पाट्यावर हातोडा मारू नका, विशेषतः वरच्या बाजूला, ताण तिथंच असतो आणि तडा तिथल्या ओरखड्यापासून सुरू होतो.

सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलं का हे हात लावून बघा. नाही बसलं तर एक्सल तिरका राहतो, गाडी तिरकी पळते आणि टायर खाते. यू बोल्ट आणि नट नवेच घ्या. ते आवळले की ताणले जातात, जुने परत तेवढं धरत नाहीत. चारही नट थोडे थोडे, तिरक्या क्रमानं आवळा, मग गाडी चाकांवर उतरवून गाडीचं वजन पाट्यावर आल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कनं (ठरवून दिलेल्या आवळायच्या जोरानं) शेवटचं टाइट करा. पाइप घालून अंगाच्या जोरानं आवळलं की कुठला कमी, कुठला जास्त होतो. रबरी बुश असेल तर त्याचा बोल्टसुद्धा गाडी खाली उतरल्यावरच शेवटचा आवळायचा, नाही तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग ब्रेकची होज कुठं ताणत नाही ना बघा, तो लोडवाला वॉल्व असेल तर त्याची दांडी सेट करून घ्या, पिनला ग्रीस मारा. पहिली भरलेली खेप झाली की, म्हणजे ५०० ते १००० किलोमीटरच्या आत, यू बोल्ट परत टॉर्कनं आवळा. पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट ढिले होतातच, त्यात कारागिराची चूक नसते, पण हे दुसऱ्यांदा आवळायला लोक येतच नाहीत. आवळून झालं की नट आणि बोल्टवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा, ड्रायव्हरला सकाळी टायर तपासताना लगेच कळतं नट सरकला का नाही.