'दिवाळीची सुट्टी' नेमकी कुणाची?

लग्नाआधी आणि आता पुन्हा कर्नाटकातलं खानापूर (बेळगाव जिल्हा), मधली सहा वर्षं सासरी, महाराष्ट्रातलं गडहिंग्लज. परस्पर संमतीने घटस्फोट घेतला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली. लेक माझ्याकडे, आणि "दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस वडिलांकडे" असं कागदावर. सही करताना दोघांनाही ते सोपं वाटलं.

घोळ पहिल्याच वर्षी झाला. इकडच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडे दिवाळीला. दिवाळीत लेकीची शाळा चारेक दिवस बंद, आणि ह्यांचा फोन, "पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस." मी नाही म्हटलं की कोर्टाचा अवमान म्हणून धमकी. लेक दप्तर भरून पायरीवर बसलेली, कुठं जायचं ते तिला कुणी सांगेना.

बेळगावला जिल्हा कायदेसेवा प्राधिकरणात गेले. बाईला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे आधी माहीत असतं तर पहिल्या वेळचे पैसे वाचले असते. वकीलबाईंनी सांगितलं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नं मुलांबाबतचा हुकूम नंतरही बदलून मागता येतो. अर्ज कन्नडमध्ये, ओळ न् ओळ मराठीत वाचून घेतली, मगच सही.

आता कागदावर असं आहे: लेकीच्या शाळेची दसऱ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, दिवाळीत भाऊबीज आलटून पालटून, ने-आण निपाणी बसस्टँडवर. ह्यांनीही विरोध केला नाही. खरं तर त्यांनाही दसराच सोयीचा होता.