अकेशियाच्या लागवडीतून कोकणातले जंगल परत आणताना

ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात कोकणातल्या अनेक वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या, जमिनींवर अकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, लावली गेली. हे झाड झपाट्याने वाढते, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि जांभ्यावरच्या उथळ मातीतही ते तग धरते. परंतु त्याचा पाचोळा सावकाश कुजतो आणि दाट लागवडीखाली स्थानिक रोपांना पुरेसा प्रकाश मिळत नाही. म्हणून सगळी लागवड एकदम तोडावी असे मात्र नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवर रानमोडी आणि घाणेरी ही तणे माजतात, आणि उतारावरची माती पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते.

सर्वप्रथम सातबारा पाहावा. त्यावर वनाची नोंद असो वा नसो, तोडीपूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे चौकशी करून आवश्यक ती परवानगी लेखी घ्यावी.

पावसाळा सरला की संपूर्ण जमीन सावकाश फिरून पाहावी, कारण माझ्या मते साऱ्या कामाचे यश या पाहणीवरच अवलंबून असते. जिथे पूर्वी भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, कवळ (झाडांच्या पानांसह फांद्या) तोडली जात असे, तिथे ऐन, किंजळ, कुंभा यांची जुनी खोडे अजून जिवंत असतात आणि अकेशियाच्या सावलीतही फुटवे धरून राहतात. पक्ष्यांनी आणलेली जांभूळ, अंजनी, करवंद यांची रोपेही सापडतात. अशा प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून तिला रंगीत कापड बांधावे, म्हणजे तोडणाऱ्या माणसांच्या ते नजरेस पडेल. जिथे अशा खुणा दाट असतील, तिथे नवी लागवड करण्याची गरजच नसते.

कोरड्या दिवसांत, या खुणांच्या आसपासची अकेशियाची काही झाडे काढून साधारण एका झाडाच्या उंचीइतक्या रुंदीची मोकळीक करावी आणि उरलेली लागवड टप्प्याटप्प्याने पुढील काही वर्षांत विरळ करावी. फांद्या उतारावर आडव्या रचाव्यात. त्या मुळीच जाळू नयेत, कारण अकेशियाचे कठीण कवचाचे बी मातीत पडून राहते आणि आगीच्या उष्णतेने उलट जोमाने रुजते. याच कारणासाठी, आणि वणव्यापासून कोवळे फुटवे वाचवण्यासाठी, उन्हाळ्यापूर्वी हद्दीवर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत-पाचोळा नसलेला पट्टा, काढणे अनिवार्य आहे.

जिथे काहीच उगवलेले नाही तिथेच रोपे लावावीत, आणि बी शक्यतो त्याच परिसरातले घ्यावे. देवराईतून काही उचलण्यापूर्वी गावकऱ्यांना आणि मानकऱ्यांना विचारावे. अनेक ठिकाणी तिथला पालासुद्धा बाहेर नेत नाहीत, आणि ती रीत पाळली म्हणूनच आज ते बी शिल्लक आहे. जांभूळ आणि रातांब्याचे बी वाळवून ठेवल्यास मरते, त्यामुळे फळ खाल्ल्यावर लगेच पेरावे. किंजळीचे बी फार कमी रुजते, म्हणून ते भरपूर गोळा करावे. पांगाऱ्याच्या जाड फांद्या पावसाच्या सुरुवातीला रोवल्या की मुळे धरतात. त्यांवर बसणारे बुलबुलासारखे पक्षी उंबर, नांद्रूक यांचे बी स्वतःच आणून टाकतात.

दरवर्षी माती ओली असतानाच अकेशियाची नवी रोपे मुळासकट उपटावीत आणि रानमोडी फुलण्याआधी काढावी. चांदाडा आपणहून उगवला तर तो मात्र राहू द्यावा, कारण त्याच्या मोठ्या पानांच्या सावलीत सावकाश वाढणारी झाडे पहिले उन्हाळे निभावून नेतात.